पुंजण्यातलं धान आणि कंपनीचं साल

पूस लागला. सकाळी तनशीवर, म्हणजे धानाच्या पेंढ्यावर, दहिवर असतं आणि ऊन वर आलं की त्यातून वाफ निघते. त्या वाफेला एक वास आहे. थोडा नव्या तांदळाच्या पेजेचा, थोडा ओल्या दोराचा, आणि बाकीचा कशाचा ते मला पंचाहत्तर वर्षांत सांगता आलं नाही. मग धान चुरायचं, म्हणजे मळायचं, मशीन सुरू होतं आणि तो वास धुळीत हरवतो. शेजारच्या खळ्यावरून घरघर येते, कोंडा उडतो, चहाच्या कपात पडतो. मी तसाच पितो. कोंडा काढत बसणारा माणूस धानाचा नव्हे.

या दिवसांत मला आता दोन पिकं आठवतात. एक माझं धानाचं. दुसरं माझ्या पोरीच्या कंपनीचं. कंपनी परदेशातली आहे. दवाखान्याला लागणारं सारं बनवते, गोळीपासून मोठाल्या मशिनीपर्यंत, आणि तिचंही साल याच दिवसांत संपतं. प्रणाली पुण्यात त्या कंपनीत हिशेबाच्या कामावर आहे. डिसेंबर सरत आला की तिचा फोन आखूड होतो. "बाबा, क्लोजिंग चालू आहे, मंग बोलते." मी म्हणतो, "बोलजो. माझंही तेच चालू आहे."

एका साली मात्र ही दोन्ही पिकं एकाच खळ्यावर आली होती. त्या सालाची आठवण काढायला मला कोणाची परवानगी लागत नाही, म्हणून काढतो.

झालं असं, की आमची बुढी बोडीच्या, म्हणजे शेततळ्याच्या, काठी घसरली आणि पायाचं हाड मोडलं. बुढी म्हणजे माझी बायको. मी तिला बुढी म्हणतो, ती मला बुढा म्हणते, फिट्टंफाट. भंडाऱ्याला नेऊन गुडघ्यापर्यंत प्लास्टर केलं. इकडे धान कापून पडलेलं, मशीनवाल्याची तारीख ठरलेली, आणि घरात चूल कोण पेटवणार? प्रणालीनं साहेबाला सांगितलं, काम करीन, पण गावातून करीन. मी तिला आणायला वरठी टेशनावर गेलो. उतरली तेव्हा तिची कपड्यांची बॅग लहान होती आणि कंप्युटरची मोठी.

आमचं घर गल्लीत दबलेलं. फोनच्या काड्या कधी एक, कधी तीही नाही. खळ्यावर मात्र मोहाच्या झाडाखाली पुऱ्या काड्या. मग बुढीच्या शिलाई मशीनचं टेबल तिथे नेलं. बुढी म्हणाली, "अन् मी का घरी भिंती पाहत बसू?" तेव्हा तिची बाजही नेली. शेजारच्या देवाजीच्या ट्रॉलीत बाज, बाजेवर बुढी, बुढीच्या मांडीवर भाजीचा गंज. सारं गाव पाहायला उभं होतं. तिनं लगीन झालं तेव्हाही इतका मान पाहिला नव्हता.

खळ्यावरच्या त्या दिवसांत मला माझी पोरगी नव्यानं दिसली. शेणानं सारवलेलं खळं, त्यावर पिवळ्या धानाची रास, राशीच्या पलीकडे टेबल, आणि टेबलाशी ओढणी नाकाला बांधून बसलेली ही. भारे देणाऱ्या बायांची पुढारी शेवंता. ती एका हातानं भारा उचलायची आणि तोंडानं कोणालातरी टोचायची.

"ताई, तुमचं चुरणं बसल्या बसल्या होते वं! आमाले बी शिकवा."

"शेवंतामावशी, पाठ माझीबी दुखते."

"पाठ दुखते तं दुखते. पण धूळ कोठं आहे?"

एवढ्यात वारा फिरला आणि सगळा कोंडा टेबलावर आला. कंप्युटर पिवळा झाला. शेवंता म्हणाली, "आता झालं बाई तुमचं काम पुरं!" बाया हसता हसता खाली बसल्या. प्रणालीनं सुपानं वारा घातला. माझ्या पोरीनं धान उपणलं नाही कधी, पण कंप्युटर उपणला.

मी चौथी शिकलो. चौथीतही परीक्षेला बसलो नाही, कारण गुरुजीनं मला खोटं पाडलं होतं आणि मी खरा होतो. पण हिशेबात मला आजवर कोणी फसवलं नाही, हे मी कोणाच्याही समोर सांगतो. म्हणून तिच्या मागे उभा राहून मी त्या चौकोनांतले आकडे पाहायचो. ती सांगायची. जगभर कंपनीचे देश आहेत. प्रत्येक देश आपली रास मोजून वर कळवतो. सगळ्या राशी एकत्र केल्या की कंपनीचं साल समजतं. किती खपलं, किती खर्चलं, किती उरलं. आपल्या देशाची रास जी माणसं मोजतात, त्यात ती एक.

"मंग यंदा का पिकलं कंपनीले?" मी विचारलं.

"साखरेच्या बिमारीचं चांगलं आलं. खोकल्या-तापाचं पडलं. हाडाचं बरं आहे."

"म्हणजे लोकायचे हाडं मोडले तं तुमचं साल चांगलं?"

बुढी बाजेवरून म्हणाली, "माझ्या पायाचंबी धर वं त्यात. मीबी थोडा हात लावला."

प्रणाली हसली. मग नीट सांगू लागली. "तसं नाही बाबा. साखर गावात पयलेबी होती. लोक तपासत नव्हते. आता तपासतात, गोळी घेतात. म्हणून खप वाढला."

मला तेव्हा ते अर्धंच पटलं. आम्ही धान जास्त पिकवलं म्हणून कोणाची भूक वाढत नाही. औषधाचं तसं सरळ नाही, त्यात कोणाचं तरी दुखणं असतंच. पण त्याच दिवशी भारे उचलता उचलता मला माझ्या बापाचा पाय आठवला. तीन वर्षं त्याच्या अंगठ्याची जखम भरली नाही. आम्ही हळद भरली, पाला बांधला, एका मांत्रिकाला कोंबडा दिला. ती साखर होती, हे आम्हाला तो गेल्यावर कितीतरी वर्षांनी समजलं. त्या काळात कोण्या कंपनीच्या कोण्याही आकड्यात माझा बाप नव्हता. तेव्हा पोरीचं उरलेलं अर्धंही खरं असेल. असेल म्हणतो, आहे म्हणत नाही.

आमच्याकडे मापाची एक रीत आहे. राशीतलं पहिलं माप उचललं की त्याला एक म्हणायचं नाही. लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार. माझ्या लहानपणी पायलीनं मोजायचे, आता पोत्यानं, पण पहिलं पोतं लाभच. दुसरी रीत याहून मोठी. माप पुरं झाल्याशिवाय आकडा तोंडातून काढायचा नाही. कापलेल्या धानाचे भारे रचून जो ढीग करतात त्याला आम्ही पुंजणं म्हणतो. पुंजणं घराएवढं उंच असो, ते पीक नव्हे. पुंजण्याला आग लागते, पाणी लागतं, उंदीर लागतात, आणि आत दाणा किती अन् पोचट किती हे चुरल्याशिवाय देवालाही समजत नाही. हे माझ्या बापानं मला शिकवलं, त्याला त्याच्या बापानं.

आणि त्या साली ही रीत मीच मोडली होती.

देवाजी माझा शेजारी आणि चाळीस वर्षांचा वैरी. वैरी म्हणजे ज्याच्यासोबत मी रोज चहा पितो तो. आमच्या दोघांच्या बांधी, म्हणजे धानाची शेतं, बांधाला बांध लागून, सारख्याच मापाच्या. दरसाली गाव विचारतं, कोणाचं जास्त? बहुतेक साली माझंच. डिसेंबरच्या शेवटी पानठेल्यावर देवाजी मिशीवर हात फिरवून म्हणाला, "चाळीस पोते." माझी मोजलेली पोती चौतीस होती. एक पुंजणं चुरायचं राहिलं होतं, मशीन मध्येच बिघडल्यामुळे. मी म्हटलं, "बेचाळीस." तोंडातून निघून गेलं. निघून गेलं असं म्हणतो, पण खरं तर मी ते घरून ठरवूनच निघालो होतो.

मग आला एकतीस डिसेंबर. दुपारची वेळ. मशीन अजून बंदच, तनस गोळा करायला आलेल्या बाया झाडाखाली शिदोऱ्या सोडून बसलेल्या. बांधीत धानामागून पेरलेली लाखोळी वितभर वर आली होती, तिच्यावरून थंड वारा येत होता. प्रणाली फोनवर बोलत होती. साहेबाशी बोलताना ती आमची बोली पेटीत ठेवते आणि पुण्याची भाषा अंगात घालते.

"नाही सर. बिल झालंय, पण ट्रक गोदामातून निघालेलाच नाही... हो सर, ऑर्डर आहे. पण माल जाणार जानेवारीत... मी बघते, सर."

फोन ठेवला आणि तिनं पुढ्यातला कंप्युटर अर्धा मिटला. बुढीनं विचारलं, "का झालं वं?"

तिनं आम्हाला समजेल असं सांगितलं. दवाखान्यात लावायच्या मशिनींचा एक ट्रक होता. बिल आजच फाडलं होतं, पण माल नागपूरच्या गोदामात उभा. घेणारा म्हणत होता, नव्या सालात पाठवा. साहेब म्हणत होता, याच सालात धर. धरला तर आपल्या देशाचं ठरवलेलं पुरं होणार होतं. नाही धरला तर जराशानं हुकणार होतं.

"मंग साहेबानंच धरावं ना," मी म्हटलं. "तुले कायले विचारते?"

"तो आकडा बरोबर आहे असं माझ्या नावानं लिहून द्या लागते बाबा. सहा वाजेपर्यंत."

"नाही देलं तं?"

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळू लागली. "माझी नोकरी पक्की व्हायची आहे ना जानेवारीत. कागद साहेबाच्याच टेबलावर आहे."

दोन वर्षं ती कच्च्या नोकरीवर होती. पुण्यात खोलीचं भाडं, बसचे धक्के, डब्यातलं गार जेवण, हे सारं त्या एका कागदासाठी चाललं होतं. मला ते माहीत होतं. तरी मी कमरेवर हात ठेवले आणि सगळ्या बायांना ऐकू जाईल असा बोललो.

"पोरी, पुंजण्यातलं धान पीक नव्हे. खळ्यावर आलं, माप लागलं, तेच पीक. माझ्या बापानं शिकवलं मले. सांग तुझ्या साहेबाले!"

"हो का?" बाजेवरून आवाज आला. "मंग पानठेल्यावर बेचाळीस कोणते मोजून सांगितले?"

शेवंताचा घास हातातच राहिला.

"तुले कोण सांगितलं?"

"देवाजीची बायको आली होती पाय पाहाले. म्हणे, तुमचे बेचाळीस झाले म्हणते. म्या म्हटलं, झाले असतील बाई. मी बाजेवर पडली आहो, मोजाले गेली नाही."

"पुंजणं उभं आहे ना तिथं!" मी हात करून दाखवलं. "चुरलं का होते आठ पोते!"

प्रणाली माझ्याकडे पाहून हसली. रागानं नाही, पण हसली. "बाबा, माझा साहेबबी असाच म्हणते. ट्रक उभा आहे ना तिथं."

बाया इतक्या हसल्या की एकीला ठसका लागला. मी उपरणं खांद्यावर टाकलं आणि तिथून निघालो. खळ्यावरून अपमान घेऊन निघालेला माणूस कुठे जातो? मी बांधाबांधानं चालत राहिलो. बोडीत पाणी स्वच्छ होतं, दोन बगळे एका पायावर उभे होते, त्यांना कोणी काही विचारत नव्हतं. मी स्वतःलाच समजावत होतो की आठ पोती निघतीलच, मग खोटं कुठे झालं? चांगलं घोळून पाहिलं. पण ज्या वाक्यानं माझं खोटं खरं होत होतं, त्याच वाक्यानं साहेबाचंही होत होतं. हे मला काही केल्या ओलांडता येईना. पोरगी तिकडे एकटी बसलेली, सहा वाजायचे होते, आणि तिच्या बापाचा आकडा साहेबाच्या बाजूनं उभा होता.

पानठेल्यावर देवाजी बसलाच होता. मी बसलो नाही. उभ्यानंच बोललो, नाहीतर बोलणं झालं नसतं.

"देवाजी, माझे बेचाळीस नाही. चौतीस आहेत."

"अन् आठ कोठं गेले बे? उंदरानं नेले का?"

"पुंजण्यात आहेत. चुरून निघाले तं सांगीन."

"बुढी बोलली वाटते."

"दोघी बोलल्या."

 देवाजीनं बाकावर सरकून जागा केली, चहा सांगितला, आणि आवाज खाली आणून म्हणाला, "माझ्या चाळीसातले तीन मागच्या सालचे आहेत बे. कोठीत उरले होते. तेबी धरले."

ठेलेवाल्यानं ऐकलं. आवाज खाली आणून काही उपयोग झाला नाही. त्या दिवशी पानठेल्यावर आमच्या दोघांवर लोक जेवढे हसले तेवढे होळीलाही हसले नसतील. पण मला सांगायला हरकत नाही, तो चहा मला गोड लागला.

मी घाईनं परतलो. साडेचार झाले असतील, ऊन मोहाच्या बुंध्यापर्यंत उतरलं होतं. मनात ठरवलं होतं की पोरीला सांगायचं, मी माझा आकडा सुधारून आलो, आता तू घाबरू नको. पाहतो तर टेबलावर कंप्युटर बंद आणि ती शेवंतासोबत तनस गोळा करून राहिली होती.

"पाठवलं," ती म्हणाली.

"का पाठवलं?"

"ट्रक सोडून."

"माझी वाट तं पाहाची!"

"तुमी रागानं गेले होते. केव्हा येता का माहीत?"

खरं सांगतो, मला जरा वाईट वाटलं. एवढं मोठं काम करून आलो आणि त्याची कोणाला गरजच नव्हती. मग वाटलं, बरं झालं. माझ्या सांगण्यानं केलं असतं तर ते माझं झालं असतं.

साहेबाचा एका ओळीचा निरोप आला. "ठीक आहे, बघू." या "बघू"मध्ये काय असतं ते मला ग्रामपंचायतीमुळे माहीत आहे. जानेवारीत तिच्यासोबतच्या दोघांचे कागद झाले, हिचा झाला नाही. सहा महिने पुढे ढकलला. ज्या दिवशी ते समजलं त्या दिवशी ती नळाखाली एकच ताट घासत राहिली. बुढीनं बसल्या बसल्या तांदळाच्या पिठाची आंबील केली आणि वाटी तिच्याजवळ सरकवली. मी साहेबाला शिव्या द्यायला सुरुवात केली तर प्रणालीच म्हणाली, "राहू द्या बाबा. त्याच्यावरबी कोणी बसलं असन."

पुंजणं चुरलं. तुडतुड्यानं खाल्लं होतं, अर्धं पोचटच उडून गेलं. आठ नाही, चार पोती निघाली. माझे अडतीस झाले. देवाजीचे खरे सदतीस. एका पोत्यानं जिंकलो, आणि ते मात्र मी साऱ्या गावाला सांगितलं.

तो ट्रक जानेवारीत निघाला. प्रणालीला फोन आला तेव्हा ती आईला धरून चालवत होती, प्लास्टर निघून दोनच दिवस झाले होते. फोन ठेवून म्हणाली, "बाबा, नव्या सालाचा लाभ. तोच ट्रक."

मग ती गेली. टेबल घरी आलं, बुढीनं त्यावर परत मशीन बसवलं. खळ्यावर कंप्युटरच्या जागी चार खड्डे राहिले, टेबलाच्या पायांचे. पहिल्या पाण्यात तेही गेले. नोकरी पक्की झाल्याचा फोन आला तेव्हा मी रोवणीत होतो, हात चिखलात, फोन शेवंतानं माझ्या कानाला धरला. मी काय बोललो ते मला आठवत नाही. शेवंता म्हणते, मी "बरं" म्हणालो आणि परत वाकलो.

पोळ्याला प्रणाली आली तेव्हा कंपनीचं सालभराचं पुस्तक घेऊन आली. हे एवढं जाड, कागद साबणासारखा गुळगुळीत. आत हसऱ्या परिचारिका, हसरी लेकरं, दुर्बिणीत पाहणारे शिकलेले लोक. पहिल्याच पानावर मुख्य माणसाचं पत्र होतं. तिनं वाचून मराठीत सांगितलं. साल कठीण गेलं, पण सगळ्यांच्या मेहनतीनं प्रगती झाली. मी म्हटलं, हे तर आमचा सरपंचही दर ग्रामसभेत म्हणतो, त्यासाठी एवढा कागद कशाला?

मग मी चष्मा लावला. "यात आपल्या देशाचं कोठं आहे?"

तिनं पानं उलटली. आपला देश वेगळा दिलेलाच नव्हता. दहा-बारा देशांची मिळून एक ओळ होती, त्या ओळीत आम्ही.

"अन् ट्रक?"

"ट्रक दिसत नाही बाबा. हे आकडे एवढे मोठे आहेत का, आपला ट्रक धरला काय अन् सोडला काय, शेवटचा आकडाबी हलत नाही."

मी त्या ओळीवर बोट फिरवून पाहिलं. बोटाला काही लागलं नाही.

"मंग सहा महिने कायले थांबली?"

तिनं माझ्या हातातून पुस्तक घेतलं आणि मिटलं.

"या पुस्तकात माझं नाव नाही बाबा. म्या पाठवलेल्या कागदावर होतं."